नील बेटावर शिदोरी कुठे सोडायची?

प्रश्न नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका ताईंचा आहे. जानेवारीअखेर घरचे सात जण अंदमानला चाललेत, त्यांपैकी दोन रात्री नील बेटावर. सोबत बहात्तर वर्षांच्या माळकरी सासूबाई आणि सहा आणि अकरा वर्षांची दोन मुलं. पाण्यातले खेळ त्यांना नकोत. आपण सोमेश्वरला किंवा गंगापूर धरणाच्या कडेला सतरंजी टाकून जेवायला बसतो, तसं तिथे कुठे बसता येईल, सावली कुठे मिळेल, सासूबाईंना किती चालावं लागेल आणि घरून नेलेलं खाणं टिकेल का, एवढं त्यांना हवंय.

ताई, किनाऱ्यांची नावं तुम्हाला कुणीही सांगेल. लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर, रामनगर. सासूबाईंना पंचवटीतच फिरतोय असं वाटेल. मी २००६ पासून नाशिकहून अंदमानला गट नेते, जास्त करून घरगुती आणि पन्नाशी उलटलेल्यांचे. पहिल्या तीन-चार खेपांत मला जे फार उशिरा उमगलं तेच आधी सांगते. त्या बेटावर जागा सहसा चुकत नाही, वेळ चुकते. एकच किनारा सकाळी सातला सारवलेल्या अंगणासारखा असतो आणि दुपारी बाराला तापलेल्या तव्यासारखा. एकाच ठिकाणी सकाळी दगडांवरून चालत जाता येतं आणि दुपारी तिथे छातीभर पाणी असतं. म्हणून आधी घड्याळाचं बोलू, मग जागांचं.

आपलं नाशिक ७३.८ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास आहे, नील ९३ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर फरक जवळजवळ सव्वा तासाचा होतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे जानेवारीच्या शेवटी तिथे पावणेसहाला सूर्य वर आलेला असतो आणि साडेपाचच्या आत बुडतो. डिसेंबरमध्ये तर पाचलाच. हे वाचायला सोपं आहे, अंगवळणी पडायला कठीण. माझ्या दुसऱ्या खेपेला डिसेंबरात चौदा माणसं होती. मी नाशिकच्या सवयीने सांगितलं, साडेचारला चहा घेऊ, पाचला निघू, सूर्यास्त बघत शेव-चिवडा खाऊ. लक्ष्मणपूरला उतरलो तेव्हा समोरून लोक परत येत होते. कॉलेज रोडचे एक काका काठीवर टेकून म्हणाले, "सूर्य कुठं ठेवलात?" चिवडा आम्ही मोबाइलच्या उजेडात खाल्ला. तेव्हापासून माझ्या गटाचा दिवस तिथे पहाटे साडेचारला उघडतो, दुपारचं जेवण साडेअकराला होतं आणि संध्याकाळचं खाणं साडेतीनला. मुलांना पहिल्या दिवशी जड जातं. दुसऱ्या दिवशी ती आपणहून आठला झोपतात, तुम्हीही झोपाल.

दुसरं घड्याळ भरती-ओहोटीचं. कोकणात आजोळ असलेल्यांना हिशेब पाठ असतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे अष्टमीला सहाला भरती. हा हिशेब आपल्या पश्चिम किनाऱ्याचा आहे, अंदमानला लावू नका. तिथली वेळ वेगळी पडते. दोन गोष्टी मात्र तिथेही तशाच आहेत. भरतीपासून ओहोटीला साधारण सहा तास लागतात आणि ही वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं, फरक दोनएक मीटरचा असतो. अष्टमीच्या आसपास तो बराच कमी होतो. म्हणून निघण्याआधी भिंतीवरच्या कालनिर्णयात तुमच्या दोन दिवसांची तिथी बघा आणि बेटावर उतरल्या उतरल्या रिक्षावाल्याला एकच प्रश्न विचारा, "कल पानी कब उतरेगा?" तिथल्या रिक्षावाल्यांचा सगळा धंदा याच वेळेवर चालतो. तो सांगेल ती वेळ कागदावर लिहा आणि दुसऱ्या दिवसाचा सगळा बेत त्या वेळेभोवती बसवा.

बेट लहान आहे, जेमतेम पावणेचौदा चौरस किलोमीटर. वस्ती तीन हजारांच्या आसपास आणि गावं पाच, वरच्या चार नावांखेरीज मधलं बाजाराचं नील केंद्र. सरकारी नाव ३० डिसेंबर २०१८ पासून शहीद द्वीप. तिकिटावर हे नाव दिसलं तर गोंधळू नका, तसंच शेजारच्या हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप झालंय आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला रिक्षाने वीस मिनिटांच्या आत पोचता. याचा फायदा असा, की एखादी जागा जमली नाही तर उठून दुसरीकडे जाता येतं. सात जणांना दोन रिक्षा लागतील, त्या पूर्ण दिवसासाठी ठरवा. आणि हॉटेलवाल्याकडून प्लास्टिकची एक खुर्ची मागून रिक्षात टाका. मी दरवेळी मागते, अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. वाळूत मांडी घालून बसलेल्या सत्तरीच्या माणसाला उठवायचं म्हणजे काय, ते दोघांनी हात धरून उठवताना कळतं.

आता जागा. तुमच्या माणसांना बघून मी पहिली पसंती लक्ष्मणपूरच्या पहिल्या किनाऱ्याला देईन, ज्याला तिथे लक्ष्मणपूर एक म्हणतात. बहुतेक लोक इथे फक्त सूर्यास्ताला येतात आणि टोकाकडे पळतात. तुम्ही पळू नका. साडेतीनला पोचा. रिक्षा थांबते तिथे शहाळी आणि चहाच्या टपऱ्या असतात, झाडीतून थोडं चाललं की पांढरी वाळू. ही वाळू पोवळ्यांच्या चुऱ्याची आहे, त्यामुळे आपल्या कोकणातल्या काळ्या-करड्या वाळूइतकी तापत नाही, पण डोळ्यांवर येते. सासूबाईंना टोपी आणि काळा चष्मा दोन्ही द्या, लाजू देऊ नका. वाळूच्या मागे समुद्री महुआची मोठी झाडं आहेत, गर्द सावलीची. त्यांच्या मुळांशी सतरंजी टाकायची. नारळाखाली मात्र बसायचं नाही, कितीही चित्रासारखं दिसलं तरी. नारळ कधी पडेल ते सांगून पडत नाही.

इथे पोहायच्या भानगडीत पडू नका, विशेषतः पाणी उतरलेलं असताना. पाण्याखाली पोवळ्यांचे खडक आहेत आणि ते पाय कापतात. मुलांना खेळायला वाळूच पुरते. माझ्या गटातली मुलं इथे तासन्‌तास एकच उद्योग करतात, शंखातले खेकडे बघतात. दुसऱ्या कुणाचा रिकामा शंख पाठीवर घेऊन हिंडणारे हे खेकडे संध्याकाळ होत आली की झाडाखालून निघतात. एकदा चिवड्याचा एक दाणा वाळूवर पडला, त्यातला शेंगदाणा ओढायला तिघे आले आणि त्यांची अशी ओढाताण चालली की आमच्या गटातल्या आजी जेवण सोडून वाकून बघत बसल्या. बघा, पण खाऊ घालू नका. एकाला घातलं की दहा येतात, आणि पाठोपाठ कुत्री. कुत्री गरीब आहेत, पण पोळीचा डबा उघडला की मांडीवर येऊन बसतात. डबा एकाच वेळी सगळा उघडायचा नाही, हाच त्यावर उपाय.

सूर्यास्त बघून अंधार पडायच्या आत उठा. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्या दिसत नाहीत, दुसऱ्या दिवशी नुसती खाज सुटते. जायच्या आधी पायांना खोबरेल तेल चोपडलं की त्रास बराच कमी होतो. आणि खाजवायचं नाही. मुलांना हे पटवणं तुमच्याकडे.

लक्ष्मणपूर दोनवर ती प्रसिद्ध दगडी कमान आहे, समुद्राने पोखरून तयार झालेली. या बेटावर १९६० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना वसवलं, त्यांच्यामुळे कमानीला हावडा ब्रिज म्हणतात. जागा बघण्यासारखी आहे, सहलीची नाही. माझी सगळ्यात मोठी फजिती इथेच झाली. पहिल्या खेपेला कुणीतरी सांगितलं, कधीही जा, आणि मी अकराला सगळ्यांना घेऊन गेले, हातात पुऱ्यांचे डबे. पाणी चढत होतं. कमानीपर्यंतची वाट मेलेल्या पोवळ्यांच्या खडबडीत, शेवाळलेल्या दगडांवरून जाते आणि ते दगड एकेक करून पाण्याखाली जाताना आम्ही बघत होतो. पुढे गेलेले दोघं कमरेभर पाण्यातून परत आले, एकाच्या पायाला चिरा. पुऱ्या आम्ही वाटेच्या सुरुवातीला एका झाडाच्या मुळ्यांवर उभ्या उभ्या खाल्ल्या. चूक सर्वस्वी माझी, मी वेळ विचारलीच नव्हती.

आता मी असं करते. पाणी पूर्ण उतरायच्या तासभर आधी वाटेला लागायचं, आणि पाणी फिरलं की दहा मिनिटांत निघायचं. पायात पट्ट्याचे सँडल किंवा जुने बूट, चप्पल नाही. दगडांच्या खळग्यांत पाणी अडकून राहतं आणि त्यात लहान मासे, खेकडे, कालवं, काळ्या काकडीसारखे दिसणारे समुद्रजीव असतात. स्थानिक पोरं थोडे पैसे घेऊन ते दाखवतात, आणि ते पैसे वसूल होतात, कारण आपल्याला जिथे नुसता दगड दिसतो तिथे त्यांना आठ पायांचा प्राणी दिसतो. अकरा वर्षांच्या मुलाला नक्की न्या, सहा वर्षांच्याचा हात धरा. सासूबाईंना मात्र वाटेच्या सुरुवातीलाच सावलीत, त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवा आणि कुणीतरी एकाने सोबत थांबा. तिथूनही समुद्र दिसतोच. खाणं सोबत नेऊ नका, पाण्याची बाटली पुरे.

सीतापूर दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडे. रस्ता सुपारीच्या बागांतून आणि भाजीच्या शेतांतून जातो. इथे सूर्योदयाला जायचं, म्हणजे हॉटेलातून सव्वापाचच्या आत निघायचं. हॉटेलवाल्याला आदल्या रात्री सांगून थर्मासमध्ये चहा भरून घ्या. पहाटे वाळूवर बसून गरम चहा आणि सोबत तिळाची वडी, इतकं पुरतं. पाण्यात कुणी उतरायचं नाही. हा किनारा उघडा आहे, लाटा जोराच्या आहेत आणि ओढ फसवी. वाळू संपते तिथे चुनखडीचे कडे आहेत, खालून लाटांनी खाल्लेले, त्यांच्या अगदी पायथ्याशी सतरंजी टाकू नका. आठनंतर ऊन सरळ तोंडावर येतं, तोपर्यंत आवरा. अनेकांना ठाऊक नसतं की सीतापूर दुपारी तीननंतरही छान असतं. सूर्य मागे गेलेला असतो, मागच्या झाडांची सावली वाळूवर उतरते आणि सगळे सूर्यास्ताला दुसऱ्या टोकाला गेलेले असल्याने किनारा मोकळा मिळतो. दुसऱ्या दिवशी तुम्हाला पुन्हा सूर्यास्त बघायचा नसेल, तर शेवटचा निवांत तास इथे घालवा.

सीतापूरहून परत येताना एक काम जरूर करा, ते कुठल्याही पत्रकात नसतं. नील म्हणजे अंदमानची भाजीची टोपली. इथली भाजी बोटीने इतर बेटांवर जाते. वाटेत एखाद्या शेताशी रिक्षा थांबवा आणि शेतकऱ्याला विचारून बांधावर बसा. हिंदी सगळ्यांना येतं. दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदार बाई माझ्या गटात होत्या, तीन दिवस समुद्र बघून कंटाळलेल्या. वांग्याच्या शेतात शिरल्या आणि तासभर हलल्या नाहीत. अळीवर काय मारता, पाणी कसं देता, भाव किती मिळतो. त्या शेतकऱ्याच्या बायकोने नारळ फोडून दिला, यांनी पिशवीतून मनुके काढून दिले. ती सहल किनाऱ्यावरच्या सगळ्या सहलींपेक्षा बरी झाली असं त्या आजही म्हणतात. तुमच्या सासूबाईंचं माहेर शेतीवाडीतलं असेल तर हे विसरू नका.

भरतपूर जेट्टीच्या अगदी जवळ आहे. म्हणून तिथे गर्दी, काचेच्या तळाच्या बोटी, पाण्यातल्या स्कूटरचा आवाज, खाण्याच्या टपऱ्या. तुम्हाला शांतता हवी आहे, त्यामुळे मी ही जागा शेवटच्या सकाळसाठी राखून ठेवते, आणि तीही लवकर, साडेसहा-सातला, बोटी सुरू व्हायच्या आधी. पाणी चढलेलं असेल तर मुलांना गुडघाभर पाण्यात सोडायला हाच किनारा सगळ्यात बरा, उथळ आणि शांत. उतरलेलं असेल तर पाणी लांबवर मागे जातं, पोवळी उघडी पडतात आणि त्यावर पाय देणं आपल्यालाही वाईट, पोवळ्यांनाही. काचेच्या बोटीत बसायचं तर पाणी बऱ्यापैकी असताना आणि सूर्य वर आल्यावर बसा, तिरप्या उन्हात खालचं काही दिसत नाही. प्रसाधनगृहाची सोय इथे आहे, सीतापूर-रामनगरला त्या भरवशावर जाऊ नका. सासूबाईंच्या दृष्टीने ही बाब समुद्राच्या रंगाहून महत्त्वाची, तेव्हा लांबच्या किनाऱ्यावर जाताना आधी हॉटेलवर जाऊन या.

रामनगरबद्दल फार सांगत नाही. शांत आहे, झाडी वाळूपर्यंत आलेली आहे, लोक कमी. दुपारी साडेअकराचं जेवण सावलीत आणि निवांत करायचं असेल तर इथे या. पाण्यात जायचं तर आधी तिथल्या कुणाला तरी विचारून.

आता डब्याचं. इथे नाशिककर हमखास चुकतो, कारण आपण त्र्यंबकला निघाल्यासारखा डबा भरतो. ओझरहून थेट विमान नाही. मुंबई, मग बहुधा चेन्नई किंवा कोलकाता, मग श्री विजयपुरम, तिथे सेल्युलर जेल बघणार, मग हॅवलॉक, मग नील. म्हणजे घरचा डबा नीलवर उघडेपर्यंत चौथा दिवस लागतो. दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या विमानतळावर आणि पहिल्या मुक्कामी संपवा, पुढे नेऊ नका. दमट हवेत त्यांना वास सुटतो. चिवडा टिकतो, पण सादळतो. एकदा मोठा डबा उघडला की दुसऱ्या दिवशी त्याला रबराची चव. यावर माझा उपाय म्हणजे घरूनच एका बैठकीला पुरेल एवढ्या छोट्या पुड्या बांधायच्या आणि एका वेळी एकच फोडायची. शेंगदाण्याची चटणी, लसणाची कोरडी चटणी, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, खजूर, बेसनाचे लाडू हे सगळं बिनघोर टिकतं. तिळाच्या वड्या संक्रांतीच्या उरतीलच, त्या चिकट होतात, पण खाता येतात.

बाकीचं तिथेच करून घ्या. सकाळी नील केंद्रातल्या एखाद्या छोट्या खानावळीत सांगितलं की अकरापर्यंत भात, डाळ, बटाट्याची भाजी, वांग्याचे काप डब्यात भरून मिळतात. डबे तुमचे द्या, स्टीलचे. रामनगरच्या सावलीत गरम भातावर मेतकूट आणि घरचं तूप घालून खाल्लं की मुलंही बर्गर मागत नाहीत. पण सासूबाई माळकरी आहेत, म्हणून नीट ऐका. नुसतं "व्हेज" सांगू नका. बंगाली स्वयंपाकात डाळीतसुद्धा माशाचं डोकं घालायची पद्धत आहे, आणि तळण बऱ्याचदा एकाच कढईत होतं. "मछली का तेल भी नहीं, दाल में भी मछली नहीं, अंडा नहीं" असं तीनदा सांगा. कांदा-लसूण चालत नसेल तर तेही वेगळं. एकदा ऐकलं की ते मनापासून करतात, घरात विधवा आजी किंवा वैष्णव माणूस असलेली बंगाली माणसं ही गोष्ट आपल्याहून जास्त जाणतात. शहाळी, केळी, पपई जागोजागी मिळतात. पैसे रोख ठेवा, मोबाइलवरून पैसे दरवेळी जातीलच असं नाही, रेंज जाते-येते.

चूल किंवा शेगडी पेटवायचा विचार असेल तर सोडा. गॅसची डबी विमानात नेता येत नाही, आणि किनाऱ्यावर जाळ करायचा नाही. कचरा परत आणण्यासाठी एक कापडी पिशवी वेगळी ठेवा. कचराकुंडी दिसली म्हणून कचरा बेटावरून जातो असं समजू नका. तो कुठेतरी त्या पावणेचौदा चौरस किलोमीटरमध्येच राहतो.

मुलांच्या खिशांकडे मात्र बारीक लक्ष ठेवा. पांढऱ्या वाळूत पोवळ्यांचे तुकडे आणि शंख इतके पडलेले असतात की ते कुणाचेच नाहीत असं वाटतं. पोवळी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, मेलेला तुकडासुद्धा नेता येत नाही. विमानतळावर सामान तपासतात आणि तिथे सहा वर्षांच्या मुलाकडून त्याचा खजिना काढून घेताना जी रडारड होते, ती मी चार वेळा पाहिली आहे. रिकामे शंख त्या खेकड्यांची घरं आहेत हे आधी सांगितलं की मुलं ऐकतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने तर बाबांच्या खिशातले शंख काढून परत ठेवायला लावले. खाडीच्या तोंडाशी किंवा किनाऱ्यावर मगरीचा फलक दिसला तर तिथे पायसुद्धा बुडवू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात खरोखर आहेत, फलक शोभेला लावलेले नाहीत.

शेवटी बोटीचं, कारण बेटावरची सहल बोटीवरच बिघडते. जानेवारीअखेर समुद्र सहसा शांत असतो, तुम्ही वेळ चांगली निवडली आहे. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना मी हे इतक्या खात्रीने सांगत नाही, त्या काळात तिथे परतीचा पाऊस आणि वादळं असतात. डिसेंबर २०१६ मध्ये चक्रीवादळामुळे नील आणि हॅवलॉकवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते, नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढावं लागलं. तेव्हा माझा गट तिथे नव्हता, पण मी त्यातून एक नियम केला आणि तुम्हीही करा. नील कधीही परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवायचं नाही. मध्ये एक रात्र श्री विजयपुरमला हवीच. सेल्युलर जेलचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम त्या संध्याकाळी ठेवा. सावरकरांच्या भगूरजवळचे म्हणून आपल्याला तो जास्त भिडतो, आणि तो शेवटी बघितलेला बरा.

तुमच्या दोन रात्री अशा बसतील. पहिल्या दिवशी दुपारी उतरलात की जेवण करून आराम आणि साडेतीनला लक्ष्मणपूर एक. दुसऱ्या दिवशी पहाटे सीतापूर, परतताना भाजीचं शेत, साडेअकराला रामनगरला जेवण. पाणी ज्या वेळी उतरेल त्या वेळी कमान, मग बाकीचं इकडे-तिकडे सरकवा. कमानीची वेळ पहाटे आली तर सीतापूर तीननंतरवर ढकला, सूर्योदय चुकला तरी चालेल. शेवटच्या सकाळी भरतपूर.

बोटीच्या दिवशी मूळ ओळखपत्रं हाताशी ठेवा आणि तासभर आधी जेट्टीवर या. नीलहून श्री विजयपुरमला वेगाची बोट दीड तासाच्या आत पोचवते, सरकारी बोटीला दोनच्या आसपास लागतात. भरतपूरला पोटभर खाऊन लगेच बोटीत बसू नका. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी अर्धा तास आधी घ्यावी, सासूबाईंच्या औषधांशी ती चालते का ते इथूनच डॉक्टरांना विचारून जा. बोटीत मधल्या भागातल्या, खालच्या मजल्यावरच्या जागा मागा, तिथे डोलणं कमी. आणि आवळासुपारी सगळ्यांच्या खिशात असू द्या.